प्लेगच्या मुंबईतील पदवीधर : वचनपितामह फ. गु. हळकट्टी



या मासिकातून दरमहा एखाद्या वचनाचे निरूपण आपण वाचता. या वेळी वचन बाजूला ठेवून, ती सारी वचने ज्यांच्यामुळे आपल्या हाती आली त्या महापुरुषाचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे. महात्मा बसवेश्वरांना होऊन आठशेहून अधिक वर्षे झाली, परंतु वचने व्यवस्थित संपादित होऊन छापील ग्रंथरूपाने सामान्य भक्ताच्या हाती पडू लागली त्याला अवघी शंभर वर्षे झाली आहेत. मधली सात शतके ती ताडपत्रांच्या जुड्यांत, देव्हाऱ्यांत आणि मठांच्या कोठ्यांत होती. तेथून ती बाहेर काढणारे पुरुष म्हणजे विजापूरचे वकील फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी. कन्नड लोक त्यांना वचनपितामह म्हणतात आणि ते यथार्थ आहे.

त्यांच्या चरित्राची आठवण या वेळी होण्याचे निमित्त एक पत्र झाले. सुरतेच्या कतारगाम भागात आपली काही भक्तमंडळी पोटापाण्यासाठी जाऊन राहिली आहेत. कोणी सोलापूरकडचे, कोणी उदगीर-निलंग्याकडचे. कोणी मागावर काम करतात, कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसतात. त्यांपैकी एका गृहस्थांनी लिहिले की, मुलीला चांगले गुण पडले आणि ख्रिस्ती धर्मसंस्थेने चालविलेल्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळतो आहे, परंतु घरातील वडील मंडळी म्हणतात की तेथे गेली तर लिंगपूजा सुटेल, आचार सुटेल. काय करावे? पत्राला उत्तर आम्ही पाठविले आहे. पण असा प्रश्न त्या एकाच घरात असेल असे नाही, म्हणून ज्या तरुणाने अशाच एका कॉलेजातून, आणि तेही मरणाच्या छायेत, पदवी घेतली त्याची कथा सर्वांसाठी येथे सांगतो.

हळकट्टी यांचा जन्म २ जुलै १८८० रोजी धारवाड येथे झाला. वडील गुरुबसप्पा हे शिक्षक होते आणि लेखकही होते. आई दानम्मा मुलगा तीन वर्षांचा असतानाच वारली, तेव्हा त्याला आजी बसम्मा हिने वाढविले. फकीरप्पा या नावाने आपल्याकडील कोणाला नवल वाटेल. परंतु उत्तर कर्नाटकात लिंगायत घरांतून हे नाव सर्रास ठेवतात. शिरहट्टीचा फकीरेश्वर मठ प्रसिद्धच आहे, तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही नतमस्तक होतात. दुसऱ्याच्या धर्माची सावली पडली म्हणून आपला धर्म बाटतो असे त्या मातीला कधी वाटले नाही.

धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. लिंगायत समाजात शेती, व्यापार, विणकाम भरपूर, पण इंग्रजी शिकलेले थोडे. ही उणीव ओळखून आर्टाळ रुद्रगौडा, गिलगंची गुरुसिद्धप्पा आदी थोरांनी १८८३ साली धारवाडात लिंगायत विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था काढली होती. म्हणजे हळकट्टी ज्या पिढीत जन्मले त्या पिढीवर समाजाची दृष्टी लागलेली होती. मॅट्रिक होऊन त्यांनी १८९६ मध्ये मुंबईची वाट धरली आणि सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले. हे कॉलेज १८६९ साली जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी काढले, धोबीतलावाजवळ ते आजही उभे आहे. हळकट्टींच्या वेळी मुंबईतील जेझुइट हे बहुतांशी जर्मन होते.

आणि नेमक्या त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाने माणसे पटापट मरू लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा प्लेग आहे असे निदान केले. आधी कोणी मानायला तयार नव्हते, कारण प्लेग म्हटले की बंदर बंद, व्यापार बंद. पण गोदामांतून उंदीर मरून पडू लागले, मग माणसे पडू लागली, आणि लोकांनी गाठोडी बांधली. पुढल्या काही महिन्यांत सुमारे निम्मे शहर रिकामे झाले. ज्या मुंबईची वस्ती १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ होती ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. एवढे मोठे बंदर, गिरण्यांवर गिरण्या उभ्या राहत होत्या, तरी दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी पंचेचाळीस हजारांनी घटली.

कतारगामच्या वाचकांना हे फार फोडून सांगावे लागणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये आधी तापीचे पाणी वस्त्यांत शिरले, ते ओसरून चिखल वाळतो न वाळतो तोच कतारगामला लागून असलेल्या वेड रोड भागात माणसे दगावू लागली आणि प्लेगचे नाव झाले. तो खरोखर प्लेगच होता की काय यावर पुढे तज्ज्ञांत वाद झाले. त्या रात्री मात्र कोणी वाद घातला नाही. मिळेल त्या रेल्वेने, एस. टी. ने, ट्रकने लाखो माणसे चार दिवसांत सुरत सोडून गेली, कित्येक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यांना कुलपे लावली. त्या वेळी जी आपली माणसे पोरेबाळे घेऊन सोलापूरकडे परतली त्यांना गावाच्या वेशीवर कसे पाहिले गेले ते त्यांनीच आम्हास सांगितले आहे. आज त्या घरांतील नातवंडे कॉलेजात आहेत. १८९६ ची मुंबई डोळ्यांपुढे आणायची असेल तर ते चार दिवस आठवावेत आणि ते चार वर्षे लांबले अशी कल्पना करावी.

कारण मुंबईचा प्लेग एका हंगामात संपला नाही. तो दर हिवाळ्यात परत येई. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. घरात शिरून झडती, रोगी उचलून इस्पितळात, बाकीचे कुटुंब छावणीत, सामानाची होळी. रेल्वेच्या ठाण्यांवर उतारूंना रांगेत उभे करून काखा आणि जांघा तपासत, बायकांनाही सोडीत नसत. पुण्यात या जुलमाचा संताप होऊन २२ जून १८९७ रोजी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. मार्च १८९८ मध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीत झडतीवरून दंगल उसळली. दुसरीकडे हाफकिन नावाचे रशियातून आलेले यहुदी शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. एकाच शहरात जुलूम, सेवा, दंगा आणि विद्या यांचे असे खेळ चालू होते, आणि सोळा-सतरा वर्षांचा एक लिंगायत मुलगा तेथे पुस्तके उघडून बसला होता.

घरी परतावे तर घरही सुरक्षित नव्हते. १८९८ मध्ये प्लेगने हुबळी-धारवाड गाठले. हुबळीत तर त्याने असा कहर केला की हजारो लोकांना लस टोचावी लागली आणि त्या कामाचा गवगवा देशाबाहेरही झाला. त्यात दुष्काळ. १८९६-९७ चा दुष्काळ विजापूर-सोलापूरकडे भीषण पडला, आणि दोन वर्षे जातात न जातात तोच १८९९-१९०० चा आला. गुजरातेत त्याला छप्पनिया म्हणतात आणि सुरतेच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो शब्द अजून येतो. अशा पाच वर्षांत, १९०१ साली, हळकट्टी बी. ए. झाले.

त्या वर्षांतील त्यांच्या मनाची अवस्था काय होती हे ठरविण्याचा अधिकार आम्हास नाही. परंतु फलावरून वृक्ष ओळखावा या न्यायाने दोन गोष्टी म्हणता येतात.

पहिली ही की, पाद्र्यांच्या कॉलेजात शिकून या तरुणाचा स्वधर्म सुटला नाही. उलट पुढे साठ वर्षे त्याने स्वधर्माच्या ग्रंथांखेरीज दुसरा ध्यास घेतला नाही. जेझुइटांविषयी आपल्या लोकांत अनेक समज आहेत. परंतु याच पंथाच्या फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात बसून ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचिले, १६१६ मध्ये ते छापले गेले, आणि मराठी भाषेची थोरवी त्यांनी त्यात गाइली, हे मराठीचा कोणताही विद्यार्थी जाणतो. आपला ग्रंथ आणि आपली गुरुपरंपरा जतन करण्यासाठी घरदार सोडून सातासमुद्रापलीकडे जाऊन बसणारी माणसे हळकट्टींनी रोज डोळ्यांसमोर पाहिली. ते पाहून ज्याच्या पायाखाली काहीच नाही तो वाहून जातो. ज्याच्या गळ्यात इष्टलिंग आहे आणि त्याचा अर्थ ज्याला घरी कोणी समजावून दिला आहे तो विचारतो की आमचे ग्रंथ कोठे आहेत? आम्हास असे वाटते की कॉलेजात मूल बिघडते अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी त्याला घरातून काय देऊन पाठविले ते आधी पाहावे. लिंगपूजा ही भीतीने टिकविण्याची वस्तू नव्हे. बारा वर्षांच्या मुलाला षट्स्थलाचे नावही माहीत नसेल तर त्याचा दोष कॉलेजावर कसा घालावा?

दुसरी गोष्ट भाषेची. मुंबईत मराठी आणि गुजराती लोकांचा आपापल्या भाषेविषयीचा अभिमान, त्यांची नाटके, वृत्तपत्रे, ग्रंथमाला हे सर्व पाहून आपल्या कन्नडाची दशा हळकट्टींच्या मनाला लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. येथे सीमाभागातील वाचकांना एक सांगावेसे वाटते. हळकट्टी पुढे कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीचे पुढारी झाले, मुंबई कायदेमंडळात त्यांनी तो प्रश्न मांडला. म्हणून काही मराठी मंडळी त्यांचे नाव घेताना आखडतात. पण त्यांच्या कन्नडप्रेमाची वात मराठी माणसाच्या मराठीप्रेमावरच पेटली होती! दिव्याने दिवा लागावा तसे ते आहे. यात वैर कोठे आले?

बी. ए. नंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९०४ मध्ये एल्एल. बी. झाले. त्याच साली हानगलच्या कुमारस्वामींच्या प्रेरणेने धारवाडात वीरशैव महासभेची स्थापना झाली, तेव्हा समाजात जागृतीचे वारे होतेच. हळकट्टींनी प्रथम बेळगावात वकिली सुरू केली, मग ते विजापुरास गेले आणि कायमचे तेथलेच झाले. वकिली चांगली चालली. पुढे ते सरकारी वकीलही झाले, सरकारने रावबहादूर केले. येथवरचे चरित्र त्या काळच्या कोणत्याही यशस्वी वकिलाचे होऊ शकले असते. एवढेच असते तर आज त्यांचे नाव काढण्याचे कारण पडले नसते.

ते दुसरे चरित्र सुरू होते रबकवी-बनहट्टीच्या बाजूला. तेथे मंचाले घराण्यात काही ताडपत्रे जपून ठेविली होती. तरुण हळकट्टींनी ती पाहिली. त्यांत प्रभुदेवांची वचने होती, षट्स्थलतिलक नावाचा ग्रंथ होता. ज्याला आपण नुसती पूजेची पोथी समजत होतो तिच्यात केवढे तत्त्वज्ञान बांधून ठेवले आहे हे त्या दिवशी त्यांना कळले, आणि तेथून त्यांचा शोध सुरू झाला.

ताडपत्र म्हणजे काय हे नव्या पिढीने पाहिलेले नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ताडाची पाने वाळवून, कापून सारखी करीत. त्यांवर लोखंडी लेखणीने अक्षर कोरीत आणि वर काजळी चोळीत, म्हणजे कोरलेल्या रेघांत काळे भरून अक्षर दिसू लागे. पानांना भोक पाडून दोरी ओवली, दोन बाजूंना लाकडी फळ्या लावल्या की झाली जुडी. अक्षराला अक्षर चिकटलेले, शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. एक वचन कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे ओळखायला मुख्य आधार अंकिताचा. कूडलसंगमदेव आले की बसवण्णांचे, गुहेश्वर आले की अल्लमप्रभूंचे, चन्नमल्लिकार्जुन आले की अक्कमहादेवींचे. परंतु शेकडो शरणांची अंकिते अशी प्रसिद्ध नव्हती. कोणाचे अंकित कोणते, दोन जुड्यांत एकच वचन थोड्या फरकाने आले तर शुद्ध पाठ कोणता, हे सर्व एका माणसाने कंदिलाच्या उजेडात बसून ठरवायचे.

आणि जुड्या मिळणार कोठे? ज्याच्या घरी ती आहे तो तिला हळद-कुंकू, भस्म लावून पूजतो. नागपंचमीला म्हणा, श्रावणात म्हणा, बाहेर काढतो, नमस्कार करतो आणि परत बांधून ठेवतो. उघडून वाचायची म्हटले की त्याला पाप वाटते, बाहेर द्यायची म्हटले की घरातली लक्ष्मी चालली असे वाटते. भक्तिभावात खोट नव्हती, पण त्या भक्तीखाली वाळवी आपले काम करीत होती. हळकट्टी गावोगाव हिंडले. कोणी दिली तर आणली, कोणी दिली नाही तर त्याच्याच ओसरीवर बसून उतरून घेतली.

प्लेगशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमचे अनुमान सांगतो, ते अनुमान म्हणूनच घ्यावे. ज्याने कोवळ्या वयात भरली घरे आठवड्यात रिकामी होताना पाहिली, ज्याच्या स्वतःच्या गावीही तेच झाले, त्याला एक गोष्ट कळून चुकली असणार. ज्या घरात पोथी आहे त्या घरातला जाणता पुरुष गेला की ती वाचणाराच जातो, आणि झडतीवाले आले तर गाठोड्यासकट तीही आगीत जाते. म्हणून त्यांची जी अखंड घाई आपल्याला दिसते ती आम्हास केवळ विद्वानाची हौस वाटत नाही. आपल्या परंपरेतही असा प्रसंग होऊन गेलेला आहे. कल्याणात क्रांती होऊन शरणांची कत्तल सुरू झाली तेव्हा चन्नबसवण्णा, अक्का नागम्मा आदी शरण वचनांचे भारे घेऊन उळवीच्या अरण्याकडे गेले असे परंपरा सांगते. त्यांनी जीव वाचविण्याआधी अक्षर वाचविले. जे कार्य त्यांनी बाराव्या शतकात तलवारींच्या धारेत केले, तेच या वकिलाने विसाव्या शतकात वाळवी आणि विस्मृती यांच्याशी झुंजून केले. हळकट्टींपूर्वी पन्नासेक वचनकारांची नावे लोकांना ठाऊक होती. त्यांच्या शोधाने ती संख्या अडीचशेच्या घरात गेली. चांभार, कोळी, गुराखी, दोऱ्या वळणारे, तांदूळ वेचणारे, कितीतरी स्त्रिया. हे सर्व शरण आपापल्या अंकितांसह सात शतकांच्या अंधारातून बाहेर आले.

मग छापण्याचा प्रश्न आला. १९२२ च्या सुमारास वचनशास्त्रसार या ग्रंथाची प्रत तयार झाली. वचनांची विषयवार मांडणी करून षट्स्थल सिद्धान्त उलगडून दाखविणारा तो ग्रंथ. कन्नड छपाईत त्या काळी मंगळूरच्या बासेल मिशनचा छापखाना सर्वांत नामांकित. फादर किटेल यांचा प्रचंड कन्नड कोश १८९४ मध्ये तेथेच छापला गेला होता. हळकट्टींनी प्रत तेथे पाठविली. ती स्वीकारली गेली आणि काही दिवसांनी परत आली. कारण असे सांगतात की, या वचनांतील एकदेवोपासना, समता आणि सदाचार यांची शिकवण वाचून मिशनच्या लोकांना वाटले, हे छापले तर आपल्या धर्मप्रचाराला अडथळा होईल.

या प्रसंगाचे दोन अर्थ आपल्याकडे लावले जातात. काहीजण त्यावरून मिशनऱ्यांना दूषणे देतात. आम्हास त्याचा आनंदच वाटतो. परधर्माच्या जाणत्या माणसांनी वचने वाचली आणि ज्यांच्यात हे आहे त्यांना शिकविण्यासारखे आपल्याजवळ फारसे उरत नाही असे त्यांना वाटले, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? आणि हळकट्टींनी तरी काय केले पाहा. एका ख्रिस्ती संस्थेने त्यांना पदवी दिली होती, दुसऱ्या ख्रिस्ती संस्थेने त्यांचे पुस्तक परत केले. त्यांनी पहिलीचा अहंकार केला नाही, दुसरीचा द्वेष केला नाही. प्रत उचलली आणि बेळगावला नेली. तेथल्या महावीर छापखान्यात, म्हणजे एका जैन गृहस्थाच्या छापखान्यात, १९२३ मध्ये वचनशास्त्रसाराचा पहिला भाग छापून झाला. वचने ताडपत्रावरून कागदावर आली ती अशी तीन धर्मांच्या उंबऱ्यांवरून! इंग्रजी वाचकांसाठी काही वचनांचे भाषांतरही त्यांनी केले. ते १९२२ मध्ये इंडियन अँटिक्वरी या संशोधनपत्रिकेत आले.

दुसऱ्याच्या छापखान्यावर किती अवलंबून राहणार, म्हणून १९२५ साली त्यांनी विजापुरात हितचिंतक नावाचा स्वतःचा छापखाना घातला. त्यासाठी राहते घर विकले. १९२६ पासून शिवानुभव हे नियतकालिक सुरू केले आणि ते सुमारे पस्तीस वर्षे चालविले. लेख लिहिणारे बहुधा तेच, मुद्रिते तपासणारे तेच, वर्गणीसाठी पत्रे पाठविणारेही तेच. मासिक चालविणे म्हणजे काय हे आम्हास थोडेफार ठाऊक आहे, कारण आपल्या या मासिकाची वर्गणी वेळेवर पाठविणारे भक्त बोटांवर मोजण्याइतके आहेत, असो. शिवानुभवातून वचने, शरणांची चरित्रे, हरिहर कवीच्या रगळे असे कितीतरी साहित्य प्रकाशात आले. १९३० मध्ये त्यांनी शून्यसंपादने हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अनुभवमंटपातील शरणांचे संवाद ज्यात ग्रथित आहेत तो हा महाग्रंथ.

आपण मराठी लिंगायत. आपल्या घरी मन्मथस्वामींचे परमरहस्य होते, कपिलधारची वारी होती, अभंग होते. त्या संपत्तीला तोड नाही. पण बसवण्णा आपल्याला पुराणातल्या कथेतून भेटत होते, त्यांच्या स्वतःच्या शब्दांतून भेटत नव्हते. आज मराठीत वचनांचे जे अनुवाद आपण वाचतो, आणि या मासिकात ज्यांचे निरूपण चालते, त्यांचा मूळ पाठ शोधीत मागे मागे गेले तर आपण या छापखान्याच्या दारात येऊन पोचतो.

त्यांच्या लौकिक कार्याचा विस्तार करीत नाही. १९१० मध्ये विजापुरात लिंगायत शिक्षणसंस्था स्थापन झाली ती बी. एल. डी. ई. या नावाने सर्वांना माहीत आहे. बंथनाळ शिवयोगींनी ती पुढे वाढविली, आज तिचे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शेतकरी-विणकरांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी १९१२ मध्ये सिद्धेश्वर बँक काढली. नगरपालिकेत काम केले, मुंबई कायदेमंडळावर गेले, नवकर्नाटक साप्ताहिक चालविले. १९२६ साली बळ्ळारीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. यांपैकी एकेका कामावर दुसऱ्या कोणाचे आयुष्य कृतार्थ झाले असते.

परंतु ज्याने बँक काढली त्याच्या स्वतःच्या नावावर शिल्लक उरली नाही. वकिलीचा पैसा छापखान्यात गेला, छापखान्याचा पैसा पुढच्या पुस्तकात गेला. उतारवयात ते भाड्याच्या घरात राहत. अंगावर जुना कोट, आणि विजापूरच्या रस्त्यावरून सायकलवर निघालेला हा रावबहादूर पाहून अनोळखी माणसाला तो कोण हे सांगावे लागे.

आय्दक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपण जाणता. मारय्या रोज सांडलेले तांदूळ वेचून आणी, एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक घेऊन आला, तेव्हा लक्कम्माने त्याला ते परत टाकून यायला लावले. कायकाने जे मिळते त्यातून दासोह करायचा आणि उद्यासाठी राखायचे नाही, हा शरणांचा हिशेब. कथा म्हणून तो आपल्याला गोड वाटतो. प्रत्यक्ष जगणाऱ्याच्या घरात तो कसा दिसतो हे पाहायचे असेल तर ते विजापूरचे भाड्याचे घर पाहावे. त्यांच्या पत्नी भागीरथीबाई यांनी या संसारात काय सोसले असेल ते कोणत्याही ग्रंथात आलेले नाही. वचनांची छपाई त्यांच्याही दासोहावर झाली, हे आम्हास येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

१९५६ मध्ये कर्नाटक विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट्. पदवी दिली. प्लेगच्या मुंबईत घेतलेल्या पहिल्या पदवीला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती. शिवानुभव त्यानंतरही काही वर्षे निघत राहिले. पुढे त्यांच्या समग्र साहित्याचे पंधरा खंड प्रसिद्ध झाले, आणि २ जुलै हा त्यांचा जन्मदिवस कर्नाटकात आता वचनसाहित्य संरक्षण दिन म्हणून पाळला जातो. विजापूरचे नावही बदलून २०१४ पासून विजयपूर झाले आहे.

२९ जून १९६४ रोजी ते विजापुरात लिंगैक्य झाले. वयाला चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस कमी होते.